हुक्क्याची नळी साफ करणारे हात

हुक्का म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. गालिचा, तक्क्याला टेकलेले नवाबसाहेब, हातात नळी आणि शेजारी गुडगुडणारे भांडे. 'चौदहवीं का चाँद' (१९६०) आणि 'मेरे महबूब' (१९६३) यांसारख्या चित्रपटांनी मुसलमानाची जी नवाबी प्रतिमा देशभर पोहोचवली, तिने हे चित्र पक्के केले. बिगरमुस्लिमांनी ते खरे मानले यात नवल नाही. नवल हे की आपणही तेच आपले पूर्वज मानले. उर्दू शाळेत मुलांना 'मुघल काळातला माणूस काढा' म्हटले, तर दहापैकी आठ मुले हुक्का ओढणारा अमीर काढतात. त्या मुलांपैकी कोणाचे आजोबा पिंजारी असतात, कोणाचे बागवान, कोणाचे मोमीन विणकर. अमिराच्या घरात त्या मुलाचा पणजोबा असलाच, तर तो तक्क्याला टेकून बसलेला नसणार. तो हुक्का भरत असेल, पाणी बदलत असेल किंवा अंगणात बसून नळी साफ करत असेल.

या लेखात इतिहासाकडे त्या नळीतून पाहण्याचा प्रयत्न आहे. हुक्क्याचे भांडे संग्रहालयात टिकते, कारण ते पितळेचे, काचेचे किंवा बिदरीचे असते. नळी टिकत नाही. वेत, साल, कापड आणि दोरा यांची ती वस्तू कुजते, किडते आणि फेकली जाते. तिच्याबरोबर तिला घडवणाऱ्याची आणि जपणाऱ्याची आठवणही फेकली गेली.

विजापूरची नळी

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी गावात मुहम्मदखान नियाझी या मुघल सरदाराचा मकबरा आहे. तो अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या चाकरीत होता, अब्दुर्रहीम खानखानानबरोबर दख्खनच्या मोहिमांत लढला. आष्टी परगणा त्याला जहागीर म्हणून मिळाला, तिथेच त्याने घर केले आणि १६२७ च्या सुमारास निधन झाल्यावर तिथेच तो दफन झाला. त्याचा मुलगा अहमदखान याचीही कबर तिथेच आहे. हा माणूस दख्खनमध्ये तलवार गाजवत होता, त्याच वर्षांत गोव्याच्या पोर्तुगीजांकडून आलेली तंबाखू दख्खनमधून उत्तरेकडे निघाली होती.

तिच्या प्रवासाची हकीकत असदबेग कझवीनी याने फारसीत लिहून ठेवली आहे. अकबराने त्याला विजापूरला इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्याकडे पाठवले होते. शाहजादा दानियालशी ठरलेल्या विवाहासाठी आदिलशहाच्या मुलीला आणण्याची ती कामगिरी होती. विजापुरात त्याने तंबाखू पाहिली. परतताना, म्हणजे १६०४ च्या सुमारास, त्याने बादशहासाठी तंबाखूबरोबर एक पाईप नेला. या हकीकतीत सगळ्यात जास्त जागा नळीला मिळाली आहे. नळी सुमात्रा बेटावरच्या अचीनची होती, तीन हात लांब, नीट वाळवलेली आणि रंगवलेली. दोन्ही टोकांना रत्ने व मिनाकाम होते. तोंडात धरायचा भाग येमेनच्या अकीकाचा होता. नळी ठेवण्यासाठी चांदीचे नळकांडे केले होते आणि त्यावर मखमल चढवली होती. नळी ही जपून ठेवायची वस्तू आहे, तिला धूळ लागू नये, ओल लागू नये, हे त्या पहिल्या दिवसापासून माहीत होते.

दरबारात मोठी चर्चा झाली. मिर्झा अझीझ कोका याने ही वस्तू मक्का-मदिनेत माहीत असल्याचे सांगितले. हकिमाने विरोध केला, कारण त्याच्या ग्रंथांत तंबाखूचे नाव नव्हते. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. असदबेगचे म्हणणे होते की युरोपातल्या शहाण्यांनी परीक्षा करूनच ती स्वीकारली असणार. बादशहाला हा युक्तिवाद आवडला, पण त्याने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. अमीर-उमरावांनी मात्र लावून घेतली. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, पण बंदी कागदावर राहिली.

पाण्यातून धूर ओढण्याची युक्ती अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने काढली, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. त्याचे निधन १५८९ मध्ये झाले. असदबेगच्या हकीकतीप्रमाणे १६०४ मध्येही तंबाखू दरबाराला नवी होती. या दोन गोष्टी सहज जुळत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक शोध एखाद्या हकिमाच्या किंवा अमिराच्या नावावर लिहिण्याची सवय आहे. वेत वाकवणाऱ्या, सांधे हवाबंद करणाऱ्या कारागिराच्या नावावर काहीच लिहिले जात नाही.

नैचा आणि नैचाबंद

उर्दूत हुक्क्याच्या नळीला नैचा म्हणतात. 'नै' म्हणजे वेळू, बासरी. साध्या नैच्यात वेताच्या किंवा बोरूच्या दोन पोकळ नळ्या एकत्र बांधलेल्या असतात. एक नळी वरच्या चिलमीपासून खाली जाते आणि तिचे टोक पाण्यात बुडालेले असते. दुसरी पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेतून निघून ओढणाऱ्याच्या तोंडाकडे येते. दम मारला की धूर पहिल्या नळीतून पाण्यात उतरतो, बुडबुडे होऊन वर येतो आणि दुसऱ्या नळीतून बाहेर पडतो. त्या बुडबुड्यांच्या आवाजावरूनच मराठीत 'गुडगुडी' हा शब्द रूढ झाला.

दोन्ही नळ्यांवर कापड आणि दोरा घट्ट गुंडाळलेला असे. श्रीमंताच्या नैच्यावर रेशीम आणि जर, गरिबाच्या नैच्यावर सुती चिंधी. हे काम करणाऱ्याला नैचाबंद म्हणत. लखनौ, दिल्लीसारख्या शहरांत हा स्वतंत्र धंदा होता. लांब, सापासारखी वळणारी नळी म्हणजे पेचवान. ती बनवणे जास्त कौशल्याचे. तारेचे वेटोळे, त्यावर भूर्जपत्राची साल आणि त्यावर कापड व दोरा अशी तिची रचना असे. भूर्जाची साल पाण्याने लवकर कुजत नाही, म्हणून ती नळीला लागे. ज्या सालीवर काश्मीरच्या पंडितांनी संस्कृत पोथ्या लिहिल्या, तीच साल हिमालयातून उतरून मुसलमान नैचाबंदाच्या हातात हुक्क्याची नळी होत असे. मिश्र संस्कृतीवर आपण भाषणे पुष्कळ ऐकतो. ती संस्कृती बाजारात, कच्च्या मालाच्या गाठोड्यात कशी नांदत होती, याचा हा एक नमुना.

आता नळी घाण कशी होते ते पाहू. तंबाखूचा धूर गरम आणि दमट असतो. थंड नळीला लागला की त्यातले डांबर, गूळ-शिऱ्याचा चिकट अंश आणि वाफ आतल्या बाजूला बसते. चिलमीकडची नळी जास्त तापते, तिथे काळा, कडक थर जमतो आणि भोक हळूहळू अरुंद होते. तोंडाकडच्या नळीत ओल राहते, तिथे आंबूस वास धरतो आणि बुरशी येते. म्हणून दोन्ही नळ्यांची निगा वेगळी. पहिलीत बारीक लोखंडी सळई किंवा सळईला गुंडाळलेली चिंधी फिरवून थर खरवडायचा. दुसरीत पाणी ओतून, हलवून, जोरात फुंकून बाहेर काढायचे आणि नळी सावलीत उभी टांगायची. कडक उन्हात वेत तडकतो आणि सांधा सुटला की हवा आत शिरते, मग कितीही जोरात ओढा, धूर येत नाही. पेचवानात तर सळई घालायचीच नाही, आतली साल फाटते. तिथे पाणी, फुंकर आणि सबुरी यांवरच भागवावे लागे.

उर्दूत या सगळ्या कामाला एक सुंदर शब्दप्रयोग आहे. 'हुक्का ताज़ा करना' म्हणजे जुने पाणी ओतून नवे भरणे आणि नैचा भिजवणे. नैच्यावरचे कापड ओले असले की धूर थंड लागतो आणि सांधेही बंद राहतात. याच भाषेत दुसरा शब्दप्रयोग आहे: 'चिलमें भरना', म्हणजे कोणाची हलकी चाकरी करणे, लाळघोटेपणा करणे. पहिल्या शब्दप्रयोगात कामाचे कौतुक आहे, दुसऱ्यात काम करणाऱ्याची हेटाळणी. मुलांना वाक्प्रचार शिकवताना आपण अर्थ पाठ करून घेतो. त्या अर्थामागे कोणाचे हात होते हा प्रश्न पाठ्यक्रमात येत नाही.

हुक्काबरदार

अठराव्या शतकात कंपनीच्या इंग्रज साहेबांनी ही सवय उचलली. साहेबाच्या घरी आचारी, खानसामा, भिश्ती यांच्याबरोबर हुक्काबरदार हा स्वतंत्र नोकर असे. तंबाखू मळणे, कोळशाचे गुल तयार करणे, पाणी बदलणे, नळी धुणे आणि साहेब जाईल तिथे हुक्का घेऊन जाणे, ही त्याची कामे. १७७९ मध्ये कोलकात्यात वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याने दिलेल्या मेजवानीच्या निमंत्रणात पाहुण्यांना विनंती होती की नोकर आणू नयेत, फक्त हुक्काबरदार चालेल. १८१० मध्ये कॅप्टन थॉमस विल्यमसन याने हिंदुस्थानात येणाऱ्या इंग्रजांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, त्यात नोकरांच्या यादीत हुक्काबरदाराची माहिती आहे.

कोलकात्याच्या त्या मैफलींमध्ये नळीची एक शिष्टाई होती. दुसऱ्याची नळी ओलांडणे अपमानाचे मानत. १७८९-९० मध्ये आलेला फ्रेंच प्रवासी ग्रांप्रे लिहितो की एखाद्या बाईने एखाद्या गृहस्थाचा हुक्का ओढणे हा त्याचा मोठा सन्मान समजत. अशा वेळी तो गृहस्थ आपल्या तोंडाची मुहनाल काढून घेई आणि नवी लावून हुक्का तिच्या हाती देई. मुहनाल म्हणजे नळीच्या टोकाचा तोंडात धरायचा तुकडा, चांदीचा किंवा दगडाचा. नळी एक, पण तोंड ज्याचे त्याचे वेगळे, ही त्यामागची समज.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साहेब लोक चिरूटाकडे वळले आणि हुक्काबरदार बेकार झाला. नवाबी बुडाल्याचे मर्सिये आपल्याकडे खूप आहेत. हुक्काबरदाराच्या नोकरीवर कोणी मर्सिया लिहिल्याचे ऐकिवात नाही.

छापी

आपल्या वऱ्हाड-नागपूर भागातल्या खेड्यात पेचवान कुठला? इथल्या शेतकऱ्याची, गुराख्याची, फकिराची वस्तू म्हणजे मातीची चिलीम. तिला नळी नाही, ती स्वतःच नळी. आत एक खडा, म्हणजे तंबाखू खाली उतरत नाही. खालच्या टोकाला ओली चिंधी, तिला छापी म्हणतात. छापी धूर थंड करते, राख तोंडात येऊ देत नाही आणि एकाचे ओठ दुसऱ्याच्या ओठांच्या जागी थेट लागू देत नाही. अमिराच्या मुहनालीचे काम गरिबाकडे हातभर चिंधी करते.

या छापीला महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत मानाची जागा आहे. शिर्डीच्या साईबाबांच्या चरित्रात धूपखेड्याच्या चांद पाटलाची कथा येते. हरवलेली घोडी शोधणाऱ्या चांद पाटलाला रानात एक फकीर भेटतो आणि चिलीम ओढायला बोलावतो. चिलमीला विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणी नाही. फकीर जमिनीत चिमटा खुपसून निखारा काढतो आणि सटका आपटून पाणी काढतो. चमत्कार मानणे न मानणे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात एक साधी गोष्ट दिसते. छापी ओली केल्याशिवाय चिलीम पुढे करायची नाही, ही रीत इतकी पक्की होती की चमत्काराच्या कथेतही ती सुटली नाही.

पाक आणि साफ

आपल्या उलेमांनीही हुक्क्याचा विचार केला. तंबाखू हराम, मकरूह की मुबाह, हा वाद सतराव्या शतकापासून चालू आहे. तुर्कस्तानच्या सुलतान मुराद चौथा याने १६३३ मध्ये कडक बंदी घातली, तर दमास्कसचे अब्दुल गनी नाबलुसी यांनी ती मुबाह असल्याचे सांगणारा ग्रंथ लिहिला. भारतात एक बारीक मसला चर्चेत आला: हुक्क्याचे पाणी पाक की नापाक? बरेलवी परंपरेतल्या 'बहारे शरीअत' या ग्रंथात उत्तर आहे की रंग, वास, चव बदलली तरी ते पाणी पाक आहे. त्याने वजू होऊ शकते आणि पुरेसे असेल तर ते सोडून तयम्मुम करणे दुरुस्त नाही. त्याच वेळी तोंडाला किंवा अंगाला दुर्गंधी असताना मशिदीत जाऊ नये, हा दंडकही आहे.

यात समजून घेण्यासारखे बरेच आहे. 'पाक' हा शरीअतचा शब्द आहे, 'साफ' हा आरोग्याचा. एखादे पाणी पाक असूनही साफ नसू शकते. आपल्या समाजात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून गैरसमज होतात. पाण्यातून गाळलेला धूर निरुपद्रवी असतो, ही त्याच जातीची समजूत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये हुक्क्याविषयी एक सूचनापत्र काढले. त्यानुसार हुक्क्याच्या एका बैठकीत माणूस एका सिगारेटच्या शंभर किंवा त्याहून जास्त पट धूर आत घेऊ शकतो. पाण्याने धूर थंड होतो, विष जात नाही. शिवाय अनेकांनी एकच नळी तोंडात धरली तर क्षयासारखे रोग पसरण्याचा धोका असतो. नळी कितीही घासली तरी निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापुढे तिची स्वच्छता काय कामाची? गांधीजींनीही तंबाखूला घाणेरडे व्यसन म्हणूनच पाहिले. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आगीत १४ जणांचे जीव गेले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखवले गेले आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. हुक्क्याचा इतिहास लिहिणे म्हणजे हुक्क्याची भलामण करणे नव्हे. ज्यांनी त्यासाठी घाम गाळला त्यांची नोंद घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका नळीची बिरादरी

हुक्क्याची नळी माणसे जोडत होती आणि तोडतही होती. 'हुक्का-पानी बंद' म्हणजे बिरादरीतून बाहेर. उत्तर हिंदुस्थानातल्या जातिव्यवस्थेवर १९३१ मध्ये लिहिताना ब्लंट या इंग्रज अधिकाऱ्याने रोटी-पाण्याच्या निर्बंधांबरोबर हुक्क्याचाही निर्बंध नोंदवला आहे. कोणाबरोबर एका नळीने ओढायचे आणि कोणाला नळी द्यायची नाही, हे जात ठरवत होती. नळी काढून नुसती चिलीम हातात देणे, ही खालच्या मानलेल्या माणसाशी वागण्याची एक रीत होती.

मुसलमान समाज यातून सुटला होता असे म्हणण्याची सोय नाही. नमाजच्या सफेत मेहमूद आणि अयाज शेजारी उभे राहतात, हे आपण अभिमानाने सांगतो. सफ मोडल्यावर, बैठकीत काय होते, ते सांगत नाही. अश्रफ, अजलाफ, अर्जल ही उतरंड आपल्यातही होती. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने तिची दखल घेतली आहे. नळी बनवणारा, ती धुणारा, पाणी भरणारा, कापूस पिंजणारा, सूत विणणारा हे सगळे त्या उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर होते. ज्याच्या हाताने नळी साफ झाली, त्याच्या ओठांना ती नळी बैठकीत मिळत होती का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने मुस्लिम ओबीसी चळवळ उभी राहिली आणि १९९० च्या दशकात अभिनेते दिलीपकुमार तिच्या व्यासपीठांवर आले, तेव्हा हा प्रश्न उघडपणे मांडला गेला. दिलीपकुमार हे मूळचे पेशावरच्या बागवानाचे, फळविक्रेत्याचे चिरंजीव. पडद्यावर शाहजादा सलीम झालेल्या माणसाने फळविक्रेत्याच्या बाजूने उभे राहावे, यात इतिहासाची मोठी दुरुस्ती होती.

हुक्का शेवटी बिडीने संपवला. बिडीला नळी नाही, पाणी नाही, धुणे नाही, नोकर नाही. ओढली आणि फेकली. नळी साफ करण्याचे काम संपले, पण तंबाखूची घाण गेली नाही. ती ओढणाऱ्याच्या फुप्फुसात गेली आणि बिड्या वळणाऱ्या बायकांच्या श्वासात गेली. भंडारा-गोंदियाकडे तेंदूपत्त्याच्या आधाराने हा धंदा वाढला. या कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. नैचाबंद गेला, त्याच्या जागी सुपात पाने घेऊन बसलेली बाई आली. दोघांचेही नाव इतिहासात नाही.

आष्टीला मुहम्मदखान नियाझीचा मकबरा आहे आणि तो जपला पाहिजे, तो आपल्या जिल्ह्याचा ठेवा आहे. पण मकबऱ्याचे दगड घडवणारे, बागेला पाणी देणारे, सरदाराचे घर चालवणारे यांचे मकबरे नसतात. त्यांची नोंद राहते ती फक्त धंद्याच्या नावांत: नैचाबंद, भिश्ती, पिंजारी, कलईगर, आतार, मणियार, सिकलगर. यांतली काही नावे आडनावे होऊन उरली आहेत, काही फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, काही गेलीही. आपल्या मुलांना इतिहास शिकवताना प्रत्येकाने घरी जाऊन एवढेच विचारून यावे: आपले पणजोबा कोणते काम करत होते आणि त्या कामाची हत्यारे कोणती होती? हे उत्तर वहीत लिहिले गेले, तर पुढच्या पिढीला हुक्क्याच्या चित्रात तक्क्याशेजारचा दुसरा माणूसही काढता येईल.